रविवारचे राक्षस

रविवार, ६ ऑक्टोबर

...आणि तरी माझं म्हणणं आहे की त्या पिक्चरमधल्या मगरीला तू दोन मार्क जास्त द्यायला हवे होतेस. मान्य, पोटाखालची झिप दिसते. मान्य, ती पाण्यातून वर येते तेव्हा आतल्या माणसाचे स्पोर्ट्स शूज दिसतात. पण सुझान दीदी, हिरोच्या काकाला खायच्या आधी तिने डोळे मिटले, ते बघितलंस का तू? कुठली मगर एवढा विचार करते? तू आपलं लिहिलंस, 'चार. रबर वाईट', आणि मग महिनाभर गायब. म्हणून आता मेल लिहितेय. व्हॉट्सॲपवर तुझी नुसती निळी टिक येते आणि मी ती बघत बसते. मेलला टिक नाही. म्हणजे मी आरामात समजू शकते की तू वाचतेयस आणि तिकडे आयर्लंडला, गॉलवेत, एकटीच हसतेयस.

न्यूज अशी की आपला राक्षसांच्या पिक्चरचा रविवार परत सुरू झालाय. आमच्या एव्हरशाईनच्या बिल्डिंगमध्ये विघ्नेश म्हणून एक मुलगा आहे, माझ्याच कॉलेजचा, त्याच्याकडे छोटासा प्रोजेक्टर आहे आणि आमच्या दोघांच्याही घरी भुताचे पिक्चर बघायला परमिशन नाही. मग मी काय केलं, सरळ स्कूटी काढून भुईगावला तुमच्या घरी गेले आणि तुझ्या पप्पांना, ऑस्कर अंकलना विचारलं, ती फुलं पॅक करायची खोली दुपारी मिळेल का. अंकल वाडीत होते. वर न बघता म्हणाले, "चाफ्याला धक्का लागता कामा नये."

तुला आठवते ना ती खोली? बाहेर कडक ऊन आणि आत एकदम पाण्याखाली गेल्यासारखं. टोपल्यांवर ओली गोणपाटं, सगळीकडे सोनचाफ्याचा वास, कौलातून एखादाच उजेडाचा ठिपका. तुझ्या मम्मीची, ग्लोरिया आंटीची ती कोपऱ्यात फुलं विणलेली चादर आम्ही खिळ्यांना टांगतो. पंखा फिरला की चादर हलते आणि मग राक्षस श्वास घेतल्यासारखा दिसतो. फुकटात स्पेशल इफेक्ट. विघ्नेश म्हणतो डायरेक्टरने आम्हाला थँक यू म्हटलं पाहिजे.

आता खरी न्यूज. अंकल पण बघतात.

पहिल्या रविवारी फक्त गोणपाटावर पाणी मारायला आले होते. चादरीवर खेकडामाणूस चालला होता. बादली हातात धरून तसेच उभे राहिले.

"हा राहतो कुठे?"

विघ्नेश म्हणाला, "केमिकल कंपनीच्या गटारात, अंकल."

"खातो काय?"

"माणसं."

"रोज?" अंकल बादलीवर बसले. "एवढी माणसं गटाराकडे जातात कशाला?"

पिक्चर संपेपर्यंत ते तिथेच बसले. शेवटी मी मार्क विचारत होते तर म्हणाले, "मी दिले तर चालतील?" सात दिले त्यांनी. खेकड्याला. मी म्हटलं, अंकल, त्याची एक नांगी तर सीनमध्येच गळून पडली. तर म्हणाले, "तो आपल्या घरी जायला बघतोय गं बाय. सगळे वाटेत येतात."

आता मुद्दा. तिकडच्या पिक्चरसाठी तू बनवलेला राक्षस मी बघितला. तू लिंक पाठवलीस, खाली लिहिलंस 'पप्पांना दाखवू नको.' मी आमच्या बाल्कनीत बसून बघितला, खाली सातिवलीचे टेम्पो जात होते, आणि तो दलदलीतून वर येऊन पहिली चार पावलं चालला ना, तेव्हा मी पॉझ केला. ती चाल मला माहितीये. डावा पाय टाकायचा, जरा थांबायचं, मग उजवा खांदा पुढे काढून उरलेला माणूस ओढून आणायचा. अंकल नारळावरून पडल्यापासून असेच चालतात, तुमच्या अंगणात दुसरं कोणी तसं चालत नाही.

तीन वर्षं तुम्ही दोघं एकमेकांशी एक शब्द बोललेला नाहीत. मला तो पिक्चर त्यांना दाखवायचाय. मला वाटतं त्यांनी तो बघितला तर काहीतरी होईल. काय, ते मला माहीत नाही. तुला न विचारता दाखवणार नाही, प्रॉमिस. पण तू हो म्हण ना.

तुझी,
ॲनिशा

रविवार, १३ ऑक्टोबर

तुझं उत्तर मिळालं. 'नाही. एक जाळला त्यांनी. दुसरा बघायचा हक्क नाही.' ओके. मी वाद घालत नाहीये. मी तिथे होते ना, मला माहितीये.

फक्त आज काय झालं ते सांगते. आजचा पिक्चर अगदी वाईट होता. डोंगरातलं केसाळ काहीतरी, केस म्हणजे सरळ सरळ पायपुसणं. गावातले लोक त्याच्यावर मेंढ्या खाल्ल्याचा आरोप करतात आणि शेवटी मशाली घेऊन जाळतात. आग पण खोटी, कॉम्प्युटरवर चिकटवलेली, राक्षसाच्या जरा बाजूलाच पेटलेली. विघ्नेश हसून हसून टोपलीवर पडणार होता. मी मागे बघितलं तर बादली रिकामी. अंकल उठून गेलेले.

विघ्नेशने विचारलं काय झालं, तेव्हा मला त्याला म्हाताऱ्यापासून सुरुवात करावी लागली. मी म्हटलं, आमच्याकडे एकतीस डिसेंबरला म्हातारा जाळतात. जुनं वर्ष. पोरं घरोघर जाऊन जुनी पँट, जुना शर्ट, पेंढा मागतात, त्याचा माणूस करून खुर्चीत बसवतात, आणि नवीन वर्ष लागलं की पेटवतात. मजा असते.

"मग?"

मग मी त्याला सांगितलं की तू तीन वर्षांपूर्वी फिल्मच्या कोर्सला पाठवायला एक अख्खा राक्षस बनवला होतास. केळीच्या खोडाचा सोप, गादीतला काथ्या, फोम. गणपतीपासून नाताळपर्यंत. आणि एकतीसच्या रात्री आपण दोघी क्वायरमध्ये गाऊन मिस्सा संपल्यावर चर्चबाहेर आलो, तर गल्लीच्या तोंडाशी तो जळत होता. अंकलची हॅट डोक्यावर. आणि अंकल पोरांमध्ये उभे राहून टाळ्या वाजवत होते.

विघ्नेशने प्रोजेक्टर बंद केला. मग म्हणाला, "पण टाळ्या कशाला वाजवतील यार? रागात माणूस टाळ्या वाजवतो?"

मी म्हटलं, तुला नाही कळणार, नाताळच्या आधीच ते तिला ओरडले होते, ही भुतं घराबाहेर काढ म्हणून.

पण स्कूटीवरून घरी येईपर्यंत त्या टाळ्या माझ्या डोक्यातून गेल्या नाहीत. मी आठवून बघितलं. दीदी, ते हसत होते. चिडून नाही. क्रिकेटमध्ये आपल्या घरातल्या कोणीतरी सिक्स मारल्यासारखे.

पायपुसण्याला मी तीन दिले. विघ्नेशने एक. अंकलचे मार्क राहिलेत.

ॲनिशा

रविवार, २७ ऑक्टोबर

हे वाचायच्या आधी बस कुठेतरी. तुझ्या त्या वर्कशॉपमध्ये हातपाय आणि मुंडकी सुकत असतील, त्यांच्यामध्ये बस.

आज लाईट गेली. विघ्नेश त्याच्या मामाकडे गेलाय, त्यामुळे मी एकटीच होते, आणि चादरीवर जलपरी अर्धी दिसत होती तेवढ्यात सगळं काळं. अंकल म्हणाले, चल, बावखलावर बसू. तुमच्या वाडीतलं ते तळं अजून आहे तसंच आहे. बाकी गल्लीतली बुजवली लोकांनी, त्यावर पार्किंग झालं. पाणी इतकं हिरवं होतं की केळी कुठे संपतात आणि केळींचं प्रतिबिंब कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. मला वाटलं पिक्चर चालूच आहे, फक्त आवाज गेलाय.

मी नुसतं विचारलं, "अंकल, त्या पायपुसण्याला किती?"

ते पाण्याकडे बघत म्हणाले, "मी त्याला ओळखलंच नाही."

मला वाटलं पिक्चरबद्दलच बोलतायत.

"मागच्या पडवीत खुर्चीत बसलेला. माझी जुनी पँट, माझा शर्ट. तोंडावर ओलं फडकं. आग्नेल आणि ती गल्लीतली पोरं आली, म्हणाली अंकल, म्हाताऱ्यासाठी काय आहे का. मी मागे गेलो आणि बघतो तर तयारच. मला वाटलं सुझानने या वर्षी गल्लीचा म्हातारा केला. काय केला होता गं. बोटं पण होती त्याला. आजपर्यंत गल्लीत कोणी म्हाताऱ्याला बोटं केली नव्हती."

दीदी, तो वाळेपर्यंत आकार धरावा म्हणून तू त्याला अंकलचे कपडे घातले होतेस. चेहऱ्यावर फडकं तूच टाकलं होतंस, चीर पडू नये म्हणून. त्या रात्री, त्या कपड्यात, खुर्चीत. दुसरं काय वाटणार होतं त्यांना?

"मीच उचलून दिला," म्हणाले. "दोन पोरांना झेपेना. माझी हॅट घातली वरून. सगळ्यांना सांगत होतो, माझ्या पोरीने केलाय."

मी विचारलं, मग सांगितलं का नाही तिला? दुसऱ्या दिवशी? तू जायच्या आधी तीन आठवडे घरातच होतीस ना.

त्यांनी एक सुपारी पाण्यात टाकली आणि गोल गोल रेषा काठाला लागेपर्यंत बघत राहिले.

"काय सांगू? महिनेच्या महिने ती त्या पडवीत बसून करत होती. मी रोज तिथून जायचो. एकदाही फडकं उचलून बघितलं नाही. तिला वाटलं मी रागाने जाळला. मी म्हटलं, वाटू दे. रागाने जाळला म्हणजे निदान बघून तरी जाळला. मी बघितलंच नव्हतं, हे कुठल्या तोंडाने सांगू?"

मग लाईट आली आणि आतून जलपरी एकदम गायला लागली. आम्ही दोघंही दचकलो. अंकल म्हणाले, "जा, बंद कर तिला."

मी हे तुला सांगतेय हे त्यांना माहीत नाही. त्यांनी सांगू नको असंही म्हटलं नाही.

मला माहीत नाही यामुळे गोष्ट बरी होते की आणखी वाईट. तू म्हणशील बघितलंच नाही हे जास्त वाईट. मी दोन्हीकडून विचार करून बघितला. पण तुला चुकीची गोष्ट माहीत असणं मला सहन होत नव्हतं.

ॲनिशा

रविवार, ३ नोव्हेंबर

उत्तर नाही. ठीक आहे. घाई नाही.

काल ऑल सोल्सला सगळे कबरस्तानात गेलो होतो. ग्लोरिया आंटीच्या कबरीवर अंकलनी चाफ्याची रांग लावली होती, अगदी एकसारखी, दादरच्या मार्केटला पाठवतात तशी. संध्याकाळी सगळीकडे मेणबत्त्या लागल्या आणि वारा आला की सगळ्या एकाच बाजूला झुकायच्या, जशा कोणीतरी हाक मारल्यावर माना वळाव्यात. मला भीती नाही वाटली. इतके भुताचे पिक्चर बघून माझं काहीतरी उलटंच झालंय. मला वाटतं मेलेले लोक म्हणजे लाजाळू लोक.

घरी येऊन झोपले तर स्वप्न पडलं. बावखलाच्या काठावर आपले सगळे बसलेले. मगर झिप उघडी टाकून, आत कोणी नाही. खेकडामाणूस, एका नांगीचा. पायपुसणं. कोणी कोणाला खात नव्हतं. पाय पाण्यात सोडून बसले होते आणि अंकल त्यांना केळी वाटत होते, एकेकाला विचारून, तुला पिकलेलं की कच्चं. रांगेत एक जागा मोकळी होती. मी विचारलं ही कोणाची, तर मगर म्हणाली, "तो अजून चालतोय. त्याला वेळ लागतो."

मी आज पिक्चर लावला नाही. विघ्नेश म्हणाला, तुझ्या डोक्यातच चालू आहेत, प्रोजेक्टर कशाला लागतो.

मी अजून तुझा पिक्चर दाखवलेला नाही त्यांना. मनात दहा वेळा आलं. लिंक उघडून बंद केली. हे तुला कळावं म्हणून लिहितेय.

ॲनिशा

रविवार, १७ नोव्हेंबर

तू लिहिलंस, 'दाखव. पण ते काय म्हणाले ते मला सांगू नकोस.'

सॉरी दीदी. सांगणार आहे. तुला नको असेल तर इथेच थांब. थांबली नाहीस ना? मला वाटलंच.

मी त्यांना आधीच सांगितलं की आजचा तुमच्या सुझानचा आहे. अंकल फुलं तोडत राहिले. पण दुपारी मी गेले तर सकाळच्या मिस्साचे इस्त्रीचे कपडे अंगावर तसेच होते, आणि बादलीच्या जागी खुर्ची आणली होती. चाफ्याच्या टोपल्या भिंतीकडे सरकवून ठेवलेल्या. विघ्नेशने पण केस विंचरले होते. का, ते त्यालाही माहीत नाही.

पहिली दहा मिनिटं नुसतं धुकं आणि ती मुलगी एकटी, तिचं ते छोटं घर, चहाची किटली. अंकल म्हणाले, "थंडी असते वाटतं तिकडे." मग दलदल हलली. तो वर आला. चिखल गळतोय, गवत लटकतंय, आणि चालायला लागला.

विघ्नेशचं तोंड उघडलंच. "अंकल, हा तर सेम—" मी त्याला लाथ मारली.

"दिसतंय मला," अंकल म्हणाले.

मग ते उठले. मला वाटलं गेले, परत पायपुसण्यासारखं झालं. पण ते चादरीकडे गेले, जवळून बघायला, आणि प्रोजेक्टरच्या उजेडात आले. त्यांची सावली चादरीवर पडली, तुझ्या त्याच्या शेजारी. तो चालत होता आणि अंकल बाजूने सरकत होते, तोच पाय, तीच थांबण्याची जागा, तोच खांदा. दोघं एका वाटेने घरी चालल्यासारखे. पंख्याने चादर हलली तेव्हा मला खरंच कळेना की कोण कोणाच्या मागे चाललंय. विघ्नेशसुद्धा हसला नाही.

"खांदा बरोबर घेतलाय," अंकल म्हणाले. मग पुन्हा हळू, आम्हाला नाही, चादरीला, "एवढं बघत होती मला."

पुढचा सगळा पिक्चर त्यांनी तिथेच, जमिनीवर बसून बघितला. इस्त्रीच्या पँटमध्ये, ओल्या गोणपाटावर. संपल्यावर नावं वर सरकायला लागली आणि तुझं नाव आलं तेव्हा मी पॉझ करणार होते, पण ते म्हणाले, "नको थांबवू. जाऊ दे नीट." सगळी नावं संपेपर्यंत बसले. ड्रायव्हरचं पण नाव वाचलं.

मी मार्क विचारले. नेहमीप्रमाणे.

म्हणाले, "मार्क नको. एक शंका आहे."

त्यांची शंका जशी विचारली तशी लिहिते. तो रोज संध्याकाळी येतो. खिडकीबाहेर उभा राहतो. आत दिवा असतो. त्या मुलीला माहीत असतं तो आलाय, कारण टेबलावर ती दुसरा कप मांडून ठेवते, एकटी राहत असूनसुद्धा. हे त्यांनी बघितलं बरं का, विघ्नेशने आणि मी नव्हतं बघितलं. कप दोन आहेत. मग तो दार का वाजवत नाही? पूर्ण पिक्चरभर एकदाही हात उचलत नाही. शेवटी पाठ फिरवून परत दलदलीत जातो.

विघ्नेश म्हणाला, "अंकल, बजेट नसेल. दार तुटलं असतं."

"तोडायला कोण सांगतोय," अंकल म्हणाले. "वाजवायला काय जातंय?"

"मग तुम्हीच सांगा, का नाही वाजवलं?"

अंकल चादर खिळ्यावरून काढत होते. घडी घालताना ग्लोरिया आंटीची विणलेली फुलं आत जाणार नाहीत याची काळजी घेत होते. म्हणाले, "त्याला वाटत असेल, आपण कसे दिसतो. चिखलाने भरलेले. ती घाबरायची."

मग मी निघाले तेव्हा फाटकापर्यंत आले. तुझा नंबर मागितला. तू बदललास तो. मी मोबाईल काढला, आणि तेच म्हणाले, "राहू दे. आधी तिला विचार." मी म्हटलं काय विचारू, नंबर देऊ का असं? ते म्हणाले, "ते नको. माझी शंका विचार. तिने बनवलाय, तिला माहीत असेल."

मी फाटकाबाहेर स्कूटी चालू केली आणि आरशात बघितलं तर ते तिथेच उभे होते, अर्धे केळीच्या सावलीत.

म्हणून विचारतेय. तू त्याला हातापायांनी घडवलंस, चाल दिलीस, दुसरा कप पण तूच ठेवायला सांगितला असशील. समज त्याने एक दिवस धीर करून दार वाजवलं. चिखलाचा हात, अगदी हळू. तुला काय वाटतं, तिने उघडलं असतं का?

ॲनिशा